व्हॉल्व्ह कुठला बसवायचा?

सत्तरीच्या माणसाचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचा असेल तर कुठला बसवायचा यावर फारशी चर्चा होत नाही. जनावराच्या ऊतीपासून केलेला टिश्यू व्हॉल्व्ह बसवतात आणि तो बहुधा त्या माणसाला शेवटपर्यंत पुरतो. पेच पडतो तो तिशी-चाळिशीतल्या, कष्टाचं काम करणाऱ्या, धावणाऱ्या-खेळणाऱ्या माणसापुढे. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी क्रीडाशिक्षक आहे. कॉलेजात असल्यापासून कबड्डी खेळत आलो आणि नोकरी लागल्यावरही तालुक्याच्या संघातून चढाया करायचो. छत्तिसाव्या वर्षी माझ्यापुढे हा पेच आला.

निमित्त झालं विम्याच्या तपासणीचं. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला तो बराच वेळ काढलाच नाही. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. हृदयातून सगळ्या शरीराकडे रक्त जातं त्या महाधमनीच्या तोंडाशी तीन पाकळ्यांचा व्हॉल्व्ह असतो. माझ्या व्हॉल्व्हला जन्मापासून दोनच पाकळ्या होत्या. शंभरात एखाद-दुसऱ्या माणसात हा दोष असतो आणि पुष्कळांना तो आयुष्यभर कळतही नाही. माझा व्हॉल्व्ह मात्र गळायला लागला होता. विहिरीतल्या मोटरीचा फूट व्हॉल्व्ह गेला की वर चढलेलं पाणी परत खाली उतरतं आणि मोटर फुकट राबते, तसं माझं हृदय बाहेर टाकलेल्या रक्तातलं बरंचसं दर ठोक्याला परत आत घेत होतं. त्या जादा कामानं डावा कप्पा ताणून मोठा झाला होता. मला त्रास काहीच नव्हता. आदल्या रविवारी सामना खेळून आलो होतो. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, "सर, दम लागायची वाट बघू नका. दम लागेल तोवर हृदयाचा स्नायू कमजोर झालेला असेल, आणि मग नवा व्हॉल्व्ह बसवूनही तो पूर्ववत होईल याची खात्री नाही."

पहिला प्रश्न विचारायचा तो दुरुस्तीचा. आपलाच व्हॉल्व्ह शिवून-सावरून चालणार असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधला मायट्रल व्हॉल्व्ह गळत असेल तर पुष्कळदा दुरुस्ती जमते. महाधमनीच्या व्हॉल्व्हची दुरुस्ती थोड्यांचीच होते, आणि माझ्या पाकळ्या जाड होऊन आखडल्या होत्या. म्हणजे बदलणं आलं.

सर्जननी टेबलाच्या खणातून दोन नमुने काढून माझ्या हातावर ठेवले. पहिला यांत्रिक. बाहेरून पांढऱ्या कापडाची कडी, तिच्यात टाके घालून तो हृदयाला शिवतात. आत काळ्याभोर, चकचकीत अशा दोन अर्धगोल पाकळ्या. नखानं ढकलल्या की उभ्या होतात आणि कडी उलटी केली की टक्‌कन मिटतात. वॉर्डात सगळे त्याला 'मेटलचा' म्हणतात, पण पाकळ्या पायरोलिटिक कार्बनच्या असतात. हा दोन पाकळ्यांचा नमुना अमेरिकेत 1977 साली पहिल्यांदा माणसाला बसवला आणि आज बहुतेक यांत्रिक व्हॉल्व्ह त्याच घडणीचे असतात. दुसरा नमुना टिश्यूचा. तारेच्या नाजूक सांगाड्यावर तीन सायीच्या रंगाच्या पाकळ्या बसवलेल्या. गाईबैलाच्या हृदयाभोवतीचं आवरण कापून त्या शिवतात, किंवा डुकराचा अख्खा व्हॉल्व्हच वापरतात. दोन्हींवर ग्लुटारल्डिहाइड या रसायनाची प्रक्रिया करतात, त्यामुळे शरीर त्यांना परकं समजून झिडकारत नाही. बोट लावलं तर पाकळी ओलसर चामड्यासारखी लवते, आवाज करत नाही. माझी आई शेजारी बसली होती. तिनं तो हातात घ्यायचं टाळलं. पुष्कळ घरांत हा प्रश्न असतो, गाईमुळे कुणाच्या, डुकरामुळे कुणाच्या. तो मोकळेपणानं आधीच बोलावा. सर्जनना त्यात नवल वाटत नाही.

मग खरी गोष्ट सुरू झाली. यांत्रिक व्हॉल्व्ह सहसा झिजत नाही, पण त्याच्यावर रक्ताची गुठळी धरते. गुठळी व्हॉल्व्हला अडकली तर जीव जाऊ शकतो, सुटून मेंदूत गेली तर लकवा होतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. टिश्यू व्हॉल्व्हला ती जन्मभर लागत नाही, बहुतेकांना सुरुवातीचे काही महिनेच लागते. पण तो झिजतो, आणि वय जितकं कमी तितका लवकर झिजतो. तरुण शरीरात त्याच्या पाकळ्यांवर कॅल्शियम भराभर जमतं, त्या कडक होतात, फाटतात. सत्तरीत बसवलेला टिश्यू व्हॉल्व्ह पंधरा-वीस वर्षं जाईल, तोच पस्तिशीत बसवलेला दहा-बारा वर्षांत, कधी त्याआधीही, बदलायची वेळ येते. पस्तिशीच्या माणसानं टिश्यू घेतला तर पुढे किमान एक, कदाचित दोन शस्त्रक्रिया गृहीत धराव्या लागतात.

अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे महाधमनीचा व्हॉल्व्ह बदलताना पन्नाशीच्या आतल्या माणसाला यांत्रिक, पासष्टीच्या पुढे टिश्यू, आणि मधल्या वयात डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी बसून ठरवायचं. युरोपातल्या सूचना साठीच्या आत यांत्रिककडे झुकतात. मायट्रल व्हॉल्व्हच्या बाबतीत दोन्हीकडची मर्यादा पासष्टपर्यंत जाते, कारण त्या जागी टिश्यू व्हॉल्व्ह आणखी लवकर खराब होतो. कॅलिफोर्नियातल्या रुग्णांचा मोठा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात यांत्रिक व्हॉल्व्हवाले जास्त जगल्याचा फायदा महाधमनीच्या बाबतीत पंचावन्न वर्षांपर्यंत आणि मायट्रलच्या बाबतीत सत्तरपर्यंत दिसला. तरी प्रत्येक सूचनेत एक अट असते: ज्याला रक्त पातळ करणारी गोळी नीट घेणं, तपासणं शक्य नाही, त्याला वय काहीही असो, टिश्यूच द्यावा. आपल्याकडे ही अट वयाच्या आकड्यापेक्षा मोठी आहे असं माझं मत वॉर्डातच झालं.

माझ्या समोरच्या खाटेवर बीड जिल्ह्यातला एक ऊसतोड कामगार होता, चाळिशीच्या आतबाहेरचा. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, अंगावर काढलं. संधिवाताचा हा ताप, डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात, सांध्यांतून निघून जातो पण हृदयाचे व्हॉल्व्ह खराब करून ठेवतो. आपल्या देशात तरुणांचे व्हॉल्व्ह बदलावे लागतात त्याचं मोठं कारण हेच आहे. त्याचा मायट्रल गेला होता. सूचनांप्रमाणे यांत्रिक बसवायला हवा. सर्जननी त्याला विचारलं, वर्षाचे सहा महिने तू कुठे असतोस? तो म्हणाला, मुकादम नेईल तिथं. कधी सांगली, कधी कर्नाटकात. फडात खोपी, पहाटे गाडी भरायची. हातात कोयता, म्हणजे कापणं रोजचंच. महिन्याला रक्त कुठल्या लॅबमध्ये देणार आणि गोळीचा डोस कुणाला विचारणार? त्याला टिश्यू बसवला. पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागणार हे त्याला आणि त्याच्या बायकोला समजावून सांगूनच. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला, आजही वाटतो.

बायकांच्या वॉर्डात पंचविशीच्या आतली एक मुलगी होती, नुकतं लग्न झालेली. तीही मायट्रलचीच. व्हरांड्यात चालायचा व्यायाम करताना भेटायची. तिनं मला विचारलं, "दादा, मेटलचा बसवला तर मूल होतं का हो?" मी तिला म्हटलं, हे डॉक्टरांनाच विचार, सासूबाईंसमोर विचारायला लाजू नकोस. तिनं विचारलं. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन वारेतून बाळापर्यंत पोचते. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तिच्यामुळे बाळाची हाडं, नाक, मेंदू यांत व्यंग राहू शकतं, पुढे रक्तस्राव होऊ शकतो. गोळी थांबवून हेपारिनची इंजेक्शनं घेतली तर बाळ सुरक्षित राहतं पण आईच्या व्हॉल्व्हवर गुठळी धरायचा धोका वाढतो. अशी बाळंतपणं पार पडतात, पण मोठ्या रुग्णालयाच्या नजरेखाली आणि प्रत्येक आठवड्याला जीव मुठीत धरून. म्हणून मूल हवं असलेल्या तरुणीला टिश्यूचा पर्याय समोर ठेवतातच. तिनं तो घेतला. दोन मुलं झाल्यावर पुढचं बघू, असं तिचं आणि नवऱ्याचं ठरलं.

मला स्वतःला तिसरा पर्यायही ठाऊक करून घ्यायचा होता. लंडनच्या डोनाल्ड रॉस या सर्जननं 1967 साली एक शस्त्रक्रिया केली: महाधमनीचा खराब व्हॉल्व्ह काढायचा, तिथं रुग्णाचाच फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतला निरोगी व्हॉल्व्ह बसवायचा, आणि त्या रिकाम्या जागी दान मिळालेला मानवी व्हॉल्व्ह. स्वतःची जिवंत ऊती असल्यामुळे गोळी नको, धावाधाव हवी तेवढी, आणि लहान मुलांमध्ये तो व्हॉल्व्ह त्यांच्याबरोबर वाढतो. खेळाडूंना हे ऐकून भुरळ पडते. पण एका व्हॉल्व्हच्या आजारासाठी दोन व्हॉल्व्हना हात लागतो, हात फार तरबेज लागतो, आणि पुढे दोन्ही कधीतरी बिघडू शकतात. अभिनेता अर्नोल्ड श्वार्झनेगरला जन्मजात दोन पाकळ्यांचाच व्हॉल्व्ह होता. 1997 साली त्याच्यावर ही शस्त्रक्रिया झाली, 2018 मध्ये फुप्फुसाकडचा आणि 2020 मध्ये महाधमनीचा व्हॉल्व्ह पुन्हा बदलावा लागला. माझ्या महाधमनीचं तोंड आधीच रुंदावलेलं असल्यानं माझ्यासाठी ती शस्त्रक्रिया सर्जननी योग्य मानली नाही.

टिश्यूची बाजू आता पूर्वीपेक्षा बळकट झाली आहे, हेही सांगायला हवं. झिजलेल्या टिश्यू व्हॉल्व्हच्या आत, छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून नवा व्हॉल्व्ह सरकवून बसवता येतो. रक्तवाहिनीतून व्हॉल्व्ह बसवायची मूळ रीत फ्रान्समधल्या आलँ क्रिबिए यांनी 2002 साली पहिल्यांदा माणसावर वापरली, आणि आता असे व्हॉल्व्ह गुजरातेत वापीलाही बनतात. पण व्हॉल्व्हच्या आत व्हॉल्व्ह म्हणजे रक्ताची वाट आणखी अरुंद. पहिल्यांदा बसवलेला 19 किंवा 21 मिलिमीटरचा असेल तर आत दुसरा मावणं कठीण. टिश्यू घ्यायचा असेल तर मोठं माप बसेल का, त्यासाठी महाधमनीचं मूळ रुंद करावं लागेल का, हे सर्जनना पहिल्याच वेळी विचारायचं असतं. आणि त्या नव्या व्हॉल्व्हचा खर्च आजही सामान्य घराला न परवडणारा आहे. दहा वर्षांनी तो परवडेल या भरवशावर पस्तिशीतला निर्णय घेऊ नये, असं मला वाटतं.

खर्चाचा विषय निघालाच आहे तर एका भारतीय व्हॉल्व्हबद्दल सांगतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियथान यांनी परदेशी व्हॉल्व्ह आपल्या रुग्णांना परवडत नाहीत म्हणून स्वतःचा व्हॉल्व्ह करायला घेतला. ते सर्जन, सोबत अभियंते. आधीचे तीन नमुने चाचण्यांत टिकले नाहीत. एकदा तर कृत्रिम नीलमण्याची चकती करून पाहिली. चौथ्या नमुन्यात कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची कडी आणि अतिशय घट्ट पॉलिइथिलीनची एकच तिरपी होणारी चकती घातली. डिसेंबर 1990 मध्ये तो पहिल्या रुग्णाला बसला. टीटीके-चित्रा या नावानं तो एक लाखाहून जास्त लोकांच्या छातीत गेला आहे, परदेशी व्हॉल्व्हपेक्षा पुष्कळ कमी किमतीत. माझ्या वॉर्डातल्या कितीतरी जणांना तोच होता. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत व्हॉल्व्ह बदलायची शस्त्रक्रिया बसते, त्यामुळे पैशासाठी कुणी ती पुढे ढकलू नये.

मी यांत्रिक घेतला. सर्जननी वेळ दिला होता, मी तो पुरा घेतला. पत्नीबरोबर बसून मांडलं ते असं. माझ्या गावापासून कराड तासाच्या आत आहे आणि तिथं लॅब आहे. नोकरी पगाराची, एका जागेची. दोन मुली, त्या कॉलेजात असतील नेमक्या तेव्हा माझी छाती दुसऱ्यांदा उघडावी लागणं मला नको होतं. पारड्यात दुसरीकडे होती कबड्डी. रक्त पातळ असलेल्या माणसाला डोक्यावर मार बसला तर मेंदूत होणारा रक्तस्राव सहजी थांबत नाही. पकडीत खाली आपटणं हा या खेळाचा भागच आहे. यांत्रिक व्हॉल्व्ह म्हणजे मैदानातून कायमचं बाहेर. कुस्ती, बॉक्सिंगवाल्यांनाही तेच. पळणं, पोहणं, सायकल, सह्याद्रीतले गड हे सगळं चालतं. खेळ सोडताना फार वाईट वाटलं. पण चाळिशीनंतर चढाई तशीही थांबणारच होती, व्हॉल्व्ह त्यानंतरही पुष्कळ वर्षं चालायला हवा होता. आज मी शिट्टी घेऊन रेषेबाहेर उभा राहतो आणि मुलांना चढाई शिकवतो. पंचविशीतल्या, त्या खेळावर पोट असलेल्या खेळाडूनं टिश्यू निवडला तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

गोळीबद्दल बाहेर फार भीती आहे, म्हणून ती रोजच्या जगण्यात कशी असते ते सांगतो. वॉर्फरिन किंवा तिचीच जातभाई एसिट्रोम. रक्त किती पातळ झालं ते आयएनआर या आकड्यात मोजतात. निरोगी माणसाचा तो एकच्या आसपास असतो, माझा 2 ते 3 मध्ये ठेवायचा, मायट्रलवाल्यांचा 2.5 ते 3.5. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. सुरुवातीला दर काही दिवसांनी तपासतात, आकडा स्थिरावला की महिन्यातून एकदा. रक्त निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात. तिच्या तळाशी सायट्रेटचं मोजकं द्रावण असतं, म्हणून रक्त ट्यूबवरच्या खुणेपर्यंत भरलंच पाहिजे. कमी भरलं तर आकडा खोटा येतो आणि त्या खोट्या आकड्यावर डोस बदलला जातो. मी खुणेकडे बघितल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही. लॅबवाले आता स्वतःच ट्यूब उजेडात धरून दाखवतात. बोटाच्या थेंबावर आकडा सांगणारं घरगुती यंत्रही मिळतं. पट्ट्या महाग आहेत, पण लॅब दूर असलेल्यांनी दोघातिघांत मिळून विचार करावा.

जेवणाबद्दल गैरसमज जास्त आहेत. पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व असतं आणि ते गोळीचा परिणाम कमी करतं, म्हणून बरेच जण पालेभाजी बंदच करतात. बंद करायची नाही. आठवड्याला जेवढी खाता तेवढी सारखी खात राहायची, डोस त्याप्रमाणे बसतो. श्रावणात रोज पालेभाजी आणि एरवी अजिबात नाही, असं झालं की आकडा डगमगतो. जास्त जपायचं ते औषधांना. गुडघा दुखला म्हणून दुकानातून घेतलेली वेदनाशामक गोळी, जुलाबावरची मेट्रोनिडाझोल, कुणी सांगितलेला काढा यांनी आयएनआर बघता बघता चढू शकतो. तापात गावच्या डॉक्टरांनी कमरेत इंजेक्शन द्यायचं म्हटलं तर आधी सांगायचं की मी रक्त पातळ करायची गोळी घेतो, नाहीतर स्नायूत रक्त साचतं. दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यायचं, हे टिश्यूवाल्यांनाही लागू आहे, कारण दातातले जंतू कृत्रिम व्हॉल्व्हवर घर करतात. एवढं सगळं सांभाळूनही धोका शून्य होत नाही. गोळी घेणाऱ्या शंभर माणसांत वर्षाला एखाद-दुसऱ्याला मोठा रक्तस्राव होतो, असं डॉक्टर धरून चालतात.

रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्यांना तपासणी लागत नाही, त्या का नको, असं मला बरेच जण विचारतात. यांत्रिक व्हॉल्व्हवर त्या चालत नाहीत. डाबिगाट्रानची चाचणी 2013 च्या सुमारास आणि अपिक्साबानची 2022 मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण दोन्हींत गुठळ्या वाढल्या, डाबिगाट्रानच्या चाचणीत रक्तस्रावही वाढला. कुणी नातेवाइकानं, अगदी डॉक्टरनंही, सोयीसाठी गोळी बदलून दिली तर आपल्या सर्जनना विचारल्याशिवाय घेऊ नका. ऑन-एक्स नावाच्या एका यांत्रिक व्हॉल्व्हला महाधमनीच्या जागी, अ‍ॅस्पिरिनच्या जोडीनं, 1.5 ते 2 इतका कमी आयएनआर चालतो. त्याची चौकशी मात्र जरूर करावी.

आणि आवाज. यांत्रिक व्हॉल्व्हचा टिकटिक आवाज येतो. परीक्षेत वर्ग शांत असला की पहिल्या बाकावरच्या मुलांना माझा ऐकू येतो. काहींना या आवाजानं झोप लागत नाही. मला महिन्याभरात सवय झाली. हळव्या कानाच्या माणसानं ही गोष्टही आधी विचारात घ्यावी, ती क्षुल्लक नाही.

ज्यांच्यापुढे आज हा प्रश्न आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री संमतिपत्रावर सही करताना व्हॉल्व्हचं नाव पहिल्यांदा ऐकायची वेळ येऊ देऊ नका. आठवडाभर आधी घरच्यांना घेऊन सर्जनना भेटा. तुमचं काम काय, लॅब किती लांब, मूल हवं आहे का, खेळ कुठला, हे त्यांनी विचारलं नाही तर तुम्ही होऊन सांगा. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला संकोच करू नका. व्हॉल्व्ह बसला की त्याचं नाव, माप आणि नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या आणि पाकिटात ठेवा. आणि तुमचा व्हॉल्व्ह माझ्यासारखा जन्मजात दोन पाकळ्यांचा निघाला असेल तर सख्ख्या भावंडांची आणि मुलांची इको करून घ्या. हा दोष घराण्यात चालतो. माझ्या धाकट्या भावातही तो सापडला; त्याचा व्हॉल्व्ह अजून गळत नाही आणि त्याची दर वर्षी तपासणी होते.